खाच

डॉक्टर खैरनार माझ्या धाकट्या सुनेच्या वयाच्या.
अशोकस्तंभाजवळ, जिन्याने वर, चपला बाहेर.
फोटो उजेडाला धरून
त्यांनी माझ्या पुढच्या दोन दातांची मुळं दाखवली.
"हा उजवा मेलाय, पण उभा आहे.
ह्याची नस काढू, टोपी बसवू, चालेल.
डावा हिरडीखाली तडकलाय.
वाचवून बघता येईल. शब्द देत नाही."
वाचवण्याचे पैसे त्यांनी कागदावर लिहिले,
काढण्याचेही लिहिले, शेजारीशेजारी.
काढण्याचा आकडा इतका लहान होता
की मला दाताचा अपमान वाटला.

म्हसरूळच्या वरातीत सुतळी बॉम्ब फुटला,
घोडा मागे आला, नवरदेव त्याच्या मानेला लोंबकळला,
आणि क्लॅरनेट माझ्या तोंडात होती.
गाणं थांबलं नाही. रज्जाकने ट्रम्पेटवर उचललं.
मी रक्त गिळत पावलं टाकत राहिलो
पाकीट हातात पडेपर्यंत.

तेव्हापासून मिसळीचा पाव रश्शात बुडवून, भाकरी दुधात.
हौसा म्हणते, काढून टाका एकदाचे.
माझ्या आईनं पस्तिशीत सगळे काढले,
कवळीनं ऊस खायची.
तुझी आई ऊस खायची, फुंकायची नाही, मी म्हणालो.
त्यावर दोन दिवस घरात नुसती भांडी बोलली.

डॉक्टरांना कसं सांगायचं
की खालचा ओठ घडी घालून गादी होतो,
वरचे दोन दात काळ्या तोंडावर टेकतात,
आणि कुठे जायचं ते हवा त्यांना विचारते.
कवळीवर वाजवणारे असतात.
भद्रकालीतले वामनमामा वाजवायचे.
वरचा सा लावताना कवळी सुटायची,
वऱ्हाडातली पोरं हसायची, आम्हीही हसायचो,
मी सगळ्यात जास्त.

दुसऱ्या खेपेला क्लॅरनेटचं तोंड पिशवीतून नेलं.
एबोनाइटचं. वरच्या अंगाला दोन खाचा,
एकतीस वर्षं ह्याच दोघांनी कोरलेल्या.
डॉक्टरांनी हातमोजा काढला,
नखाने एक चाचपली, मग दुसरी.
डावी जास्त खोल होती.
"म्हणजे भार सगळा ह्याच्यावर."
म्हणून तडकला?
"तडकला घोड्यामुळे. पण तुम्ही पुन्हा भार टाकणार,
मूळ उभं फाकणार, भोवतीचं हाड घेऊन जाणार.
नुसतं बोलायला-हसायला हवा असता
तर ठेवू या म्हणाले असते."

मी आडवा, दिवा तोंडावर.
खाली रविवार कारंजाकडे निघालेल्या रिक्षांचे हॉर्न,
बहुतेक बेसूर.
त्यांनी लोखंडी दांडीने दातांवर टकटक केलं.
उजवा खणखणला नाही, पण वाजला.
डावा वाजला
चीर गेलेल्या माठासारखा,
जो बाजारात आपण न बोलता परत ठेवतो.
कान हा आपला धंदा.
"काढा," मी म्हणालो.
तोंड उघडं होतं, त्याचं नुसतं आ-आ झालं.
त्यांनी दिवा बाजूला केला आणि पुन्हा विचारलं.

दात कापसात गुंडाळून हातात दिला.
लहानपणी पडलेला कौलांवर फेकायचो.
अठ्ठावन्नाव्या वर्षी निघालेल्याचं काय करायचं
हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.
गंगेत सोडावा इतका तो मोठा नव्हता.

रात्री हौसा झोपल्यावर
पिशवीतून तोंड काढलं, कापूस उलगडला,
दात डाव्या खाचेत ठेवला.
बसला. जरासुद्धा हलला नाही.
शेजारची खाच रिकामी होती.
वाकून तिच्यावर उजवा टेकवला, सावकाश,
ह्याला धक्का लागू नये असा.
तुळशीच्या लग्नाला सात आठवडे आहेत.
फुंकलं नाही.
डॉक्टरांनी दहा दिवस सांगितलेत.